जुना कर्नल

रात्रीचे अकरा. पारा बेचाळीसवरून अडतीसला उतरलाय.
अशोक चौकाच्या मागच्या बोळात माग अजून बडबडतायत,
आणि माझ्या लॅपटॉपच्या कोपऱ्यात
वाय-फायची खूणच नाही.
फुली मारलेली, राखाडी पडलेली, तशीही नाही.
नाहीच.

दुपारी मीच अपडेटला हो म्हटलं होतं.
बँकेनं मोडीत काढलेला हा डबा,
त्यावर विंडोज उघडेपर्यंत दोन भाकऱ्या भाजून व्हायच्या,
म्हणून भाच्यानं लिनक्स घालून दिलं.
म्हणाला, आत्या, फुकट आहे, पण मानी आहे,
नीट विचारलंस तर सगळं सांगतं.

विचारते.
काळी खिडकी उघडून एकेक ओळ.
कुणी बटण दाबून बंद केलंय का रे?
नाही, म्हणतं. ना सॉफ्ट, ना हार्ड.
कार्ड तरी आहे का आत?
आहे. ब्रॉडकॉम, नावगाव-नंबरासकट.
मग ड्रायव्हर कुठाय?
मोड्यूल सापडत नाही.
एवढंच. पुढे कर्सर नुसता उघडझाप करतो.

ड्रायव्हर नेटवर आहे
आणि नेट ड्रायव्हरपाशी.
केबलचं भोक गेल्या वर्षीच मेलं.
माझा फोन नव्या पेठेत, रिपेरीला, मंगळवारी या म्हणालेत.
आईचा फोन बटणांचा.
आणि टॉवेलच्या काठाचा मोर, बाराशे हुकांचा,
सकाळी सातच्या आत येमूलशेटच्या मेलवर बसायला हवा.

एमैंदी? आतून आईनं विचारलं.
म्हटलं, सगळा बोळ गायब झालाय.

खोटं नाही. रोज ती यादी उघडली की बोळ दिसायचा:
येमूल टॉवेल्स,
खाली त्यांच्याच भावाचं येमूल टॉवेल्स ओरिजिनल,
श्री मार्कंडेय प्रसन्न,
पासवर्ड मागू नये,
कुणा पोराचं नुसतंच डॉन ७७.
भिंती न मोजता सगळे एका पट्टीत उभे.
आज पट्टी कोरी,
जशी हरताळाच्या दिवशी साखर पेठ.

अण्णा मागावर नवी वय चढवायचे
तेव्हा जुनी खुंटीला टांगून ठेवायचे, महिना महिना.
टाका की आता, म्हटलं तर म्हणायचे,
नवीला अजून हात कुठे बसलाय.

हे आठवलं आणि भाच्याचं अर्धं वाक्यही:
नवा कर्नल आला तरी जुना लगेच फेकत नाही ते.

बंद केला. चालू केला. शिफ्ट दाबून धरलं,
बोट दुखेपर्यंत.
ॲडव्हान्स्ड, आणि त्याखाली दोन ओळी,
आकड्यांत शेवटी जरासा फरक.
खालची निवडली.

पंखा घरघरला. कोपऱ्यात पंखा उघडल्यासारखी
एक बारीक कमान उगवली.
यादी उघडायच्या आतच जोडलं गेलं होतं.
मी समजले येमूल.
नाव वाचलं: राजमणी वडनाल.

राजमणीअक्का गड्ड्याच्या चार दिवस आधी गेली.
लॉकडाऊनमध्ये तिनंच खिडकीतून पासवर्ड सांगितला होता,
तिच्या विडी कार्डाचा नंबर, पाठ होता तिला,
सुपात तेंदूची पानं, बोटं चालू, तोंडानं आकडे.
आकडा चुकला की ती परत पहिल्यापासून म्हणायची.
मी विसरले तो नंबर. यानं ठेवलाय.

तिच्या खोलीला कुलूप आहे.
बिल मुलाच्या खात्यातून कटत असेल, हिंजवडीत,
त्याला पत्ता नसेल.
त्या कुलपाआड, मीटरशेजारी,
एक हिरवा दिवा लुकलुकत असणार.

मोर गेला. चार एमबी, अकरा सेकंद.
ड्रायव्हरही उतरवून ठेवला, नव्या कर्नलसाठी, उद्या बघू.
तेवढ्यात वरून पट्टी सरकली:
रीस्टार्ट करा, अपडेट पूर्ण होईल.
नंतर, यावर टिचकी मारली.

काम झालं होतं. झाकण मिटायला हरकत नव्हती.
येमूलांकडचा एक माग थांबला, धागा तुटला असेल,
परत सुरू झाला.
मी बसून राहिले,
तीन दांड्या. मधेच दोन. परत तीन.