कार्य अज्ञात

बोरामणीच्या डाळिंबाखालची ओंजळभर माती,
तिच्यात सोडलेल्या मेणकिड्याच्या सात अळ्या.
तिसऱ्या दिवशी पाच विटकरी झाल्या, लिबलिबीत,
आणि वास कसलाच नाही.
मेलेल्याला वास नसणं, हीच पहिली खूण.

सूत्रकृमी आत शिरतो तोंड मिटून,
शिरल्यावर ओकतो
पोटात सांभाळून आणलेले जिवाणू.
पुढचं ते बघतात:
मारणं, शिजवणं,
मुंगीलाही फिरकू न देणं.
मग एकाच ताटात दोघे जेवतात.
ताट संपलं की
जिवाणू त्याच्या लेकरांच्या पोटात बसून
निघतात पुढच्या घराला.

मे महिन्यात जनुकांचा अहवाल आला.
पंचावन्न लाख अक्षरं, चारच चिन्हांची.
इनामदार मॅडमनी पेन्सिलीने खुणा केल्या:
हे विष, हे विष, हेही बहुतेक विष.
आणि हजारेक ओळींपुढे
यंत्राचा एकच शेरा, कार्य अज्ञात.

साखर पेठेत नान्नांना दाखवला कागद.
चाळीस वर्षं जकार्डचे पुठ्ठे ओवलेला माणूस,
चादरीतला मोर नुसत्या भोकांत वाचणारा.
चष्मा कपाळावर सारून म्हणाले,
"यात मोर कुठाय?"
मला सांगता येईना.
"आन् हे अज्ञातवाले? काढून टाकायचे?"
नको, म्हटलं.
"नकोच. शेठनी एकदा फालतू म्हणून
बारा पुठ्ठे काढायला लावले.
मोर आला. पाय नव्हते त्याला."

त्या रात्री वीज गेली.
दिवसभराचे त्रेचाळीस अंश भिंती परत करत होत्या.
प्रयोगशाळेचं जनित्र आधीच बिघडलेलं,
म्हणून अळ्यांची डबी घरी, माठाला टेकवून,
वर भिजवलेली जुनी चादर.
पंधरा मिनिटांनी डोळे अंधाराला सरावले
तेव्हा चादर उचलली.
पाच अळ्या. निळसर हिरव्या.
दिवा म्हणावा इतकं नाही,
पण बोट मध्ये धरलं तर बोट कळावं इतकं.

नान्नांच्या डोळ्यांत मोतीबिंदू.
मी त्यांचं बोट धरून डबीवर नेलं,
इथे, म्हटलं, आणि इथे.
"हा उजेड कशासाठी?"
पुठ्ठे सापडलेत, नान्ना. कारण नाही.

ते बराच वेळ तिकडेच बघत राहिले,
जिथे त्यांना काहीच दिसत नव्हतं.
मग चादरीचं ओलं टोक डबीवर ओढून
सगळ्या बाजूंनी नीट खोचलं,
झोपलेल्या पोराचे पाय
उघडे राहू नयेत तसं.