रोखून धरलेलं

बार्न्सलीत नोव्हेंबरात चारलाच अंधारतं.
मॉरीन हेपवर्थने भिंतीवर थाप मारली,
आमच्या दोन घरांत तेवढीच बेल.
"क्लिफर्डचा कॉम्प्युटर रुसलाय गं."

काळा पडदा, पांढरी अक्षरं:
ह्याला ते हवं, त्याला अमक्याची सहावी आवृत्ती,
आणि अमकं म्हणतं, मी पाचवरच बरं.
एकोणीस पॅकेजं अर्धवट बसलेली,
पंगतीत पान न मिळालेल्या पाहुण्यांसारखी.

"एक लायब्ररी अडलीय," मी म्हटलं.
"ती होय? कौन्सिलने बंद केली,"
मॉरीन म्हणाली, आणि चहात दूध ओतलं.

दुरुस्त कर, असा हुकूम सोडला.
यंत्र अदबीने म्हणालं: करतो की,
फक्त दोनशे बारा गोष्टी काढाव्या लागतील.
त्यात अख्खा डेस्कटॉप, प्रिंटर, तिचे पत्त्यांचे डाव.
आवळ्यापायी कोहळा.
चालेल? हो की नाही?
ऑफिसात मी हे रोज दाबते, न वाचता.

नाही.

मग एकेक गाठ उलटी उसवत गेले,
तळघराचा जिना उतरावा तशी,
आणि अगदी खाली
एकच नाव, रोखून धरलेलं.
बिघडलेलं नव्हतं ते.
मुद्दाम खुंटी मारली होती कुणी.
मॉनिटरच्या पाठीला चिकटपट्टीने कागद:
हात लावू नये. क्लि.

"त्याचं कबुतरांचं घड्याळ असेल."

त्यानेच लिहिलेला प्रोग्रॅम, ओबडधोबड,
पाचव्या आवृत्तीवाचून पापणीही न उघडणारा.
उघडला.
निळी मादी, रिंग ४४७१, वारा समोरून,
पाच तास बावन्न मिनिटं.
अशा शेकडो ओळी. शेवटची:
४४७१, अजून नाही.

"कबुतरं विकली मी. वेकफील्डच्या एकाला.
खुराड्यात आता सायकल असते."
"खुंटी काढू?"
ती बिस्किटांच्या डब्याकडे बघत राहिली.
"प्रिंटर चालेल का त्याने?
डॉक्टरांचा फॉर्म छापायचाय."

जुनी लायब्ररी वेगळ्या फोल्डरात नेऊन ठेवली,
घड्याळाला तिचा नवा पत्ता शिकवला,
आणि मग खुंटी उपटली.
एकोणीसच्या एकोणीस धडाधड आत.
पिवळ्या अक्षरांत एक इशारा उरला,
त्याचा अर्थ मला अजूनही लागलेला नाही.

फॉर्म छापला. दुसऱ्या पानावर शाई फिकी.

निघताना दारात तिने विचारलं,
"ते चालतंय ना पण, घड्याळ?"
चालतंय, म्हटलं.
मागच्या अंगणात तिने दिवा लावला,
सायकल बघायला असेल.