क्रियापद शेवटी

लिफ्ट बंद होती, म्हणून वर्ग भरला तळमजल्यावर,
कॅन्टीनच्या मागे, चिप्सच्या यंत्राशेजारी.
स्वान्सी. फेब्रुवारी. खिडकीबाहेर समुद्र,
भांडी विसळलेल्या पाण्याच्या रंगाचा.
आम्ही बाराजण, गळ्यात बिल्ले,
आणि शिकवायला ग्लेनिस प्यू,
जिची खुर्ची बॅटरीवर चालते
आणि वाक्य तिच्या स्वतःच्या वेगाने.

"अपंग रुग्णांची काळजी कशी घ्यावी," ती म्हणाली,
"हा विषय... तुम्ही... तिसऱ्या मजल्यावर... ठेवला होता."
एवढं बोलेपर्यंत माझा चहा निवला.
हसावं की नाही, कुणाला ठरवता येईना.
ती हसली. मग आम्ही.

नऊ वर्षं तिचं वजन कुणी केलंच नव्हतं.
काट्यावर उभं राहावं लागतं, आणि ती उभी राहत नाही.
डॉक्टर बघायचे, जसं गिऱ्हाईक कलिंगडाकडे बघतं,
आणि आकडा लिहायचे. त्या आकड्यावर औषध.
शेवटी धोबीखान्यातल्या टेरीने
मळक्या चादरींच्या काट्यावर तिला खुर्चीसकट चढवलं,
मग तिला बाकावर बसवून नुसती खुर्ची.
वजाबाकी पावाच्या कागदी पिशवीवर.
सतरा किलोंची चूक निघाली.
"टेरी," ती म्हणाली, "तुमच्या... प्रशिक्षितांच्या यादीत... नाही."

सरावात मला तिचा रक्तदाब घ्यायचा होता.
मी विचारलं डेलिथला, तिच्या मदतनीस बाईला,
"हिचा कुठला हात बरा?"
डेलिथ छताकडे बघत राहिली. तिचं ते ठरलेलं होतं.
आणि मला मिरजेच्या शाळेतला फळा दिसला:
बोलणारा प्रथमपुरुष, ऐकणारा द्वितीय,
ज्याच्याविषयी बोलायचं तो तृतीय.
समोर बसलेल्या बाईला मी
एका सर्वनामाने खोलीबाहेर काढलं होतं.

ओशाळून गुडघे टेकले तिच्यापुढे.
"उठा," ग्लेनिस म्हणाली. "मी देवी नाही.
खुर्ची... ओढा."

ओढली. विचारलं, "तुमचा कुठला हात?"
ती सांगू लागली आणि मी तिचं वाक्य मध्येच धरलं,
लहान मुलाच्या शर्टाचं बटण लावावं
तसं लावून टाकलं.
चुकलं. पुन्हा लावलं. पुन्हा चुकलं.

आमच्या भाषेत क्रियापद शेवटी येतं.
आला की गेला, मेला की वाचला,
हवं की नको,
सगळं शेवटच्या शब्दापर्यंत झाकलेलं.
थांबायची सवय मला जन्मापासूनची हवी.
कुठे सांडली? दर रुग्णाला सहा मिनिटं, या तक्त्यावर?
की त्याही आधी, मिरजेत,
तोतऱ्या वसंतमामाची वाक्यं
आम्ही पोरं पैजा लावून पुरी करायचो, तेव्हा?
पुढे मामा मानेनेच बोलायला लागला.
हे मी वर्गात सांगितलं नाही.

निघताना तिने माझा बिल्ला वाचला.
वॉर्डात मी हेम, कधी नुसतीच सिस्टर.
तिने सुरुवात केली. हे.
यंत्रात कुणीतरी नाणं टाकलं. मां.
पाकीट धपकन खाली पडलं.
गी.
सात वर्षांत या देशात
माझ्या नावावर एवढा वेळ कुणी खर्चला नव्हता.

परवा रात्रपाळी. बेड नऊ, एम्रिस,
अर्धांगवायू, ओठ एका बाजूला ओघळलेले.
म्हणाले, "पाणी."
मी उठलेही होते, पेला हातात.
ठेवला. खुर्ची ओढली. बसले.
खाली ॲम्ब्युलन्स मागे येत होती, टुक टुक करत.
"पाणी... तिकडे...
मघापासून... वाहतंय."
इंग्रजी असून क्रियापद शेवटी.

न्हाणीघरातला नळ. खरंच.