आठ परस

मणेराजुरीच्या चिंचेपाशी गाडी अडकली.
चाळीस फुटी डबा, पांढरा, आतून गुरगुरणारा,
द्राक्षं न्यायला आलेला,
आणि वळण जुन्या बैलगाडीच्या मापाचं.
मिरजेचा सरफराज खाली उतरला, आरसा मिटला, उघडला,
म्हणाला, न्हाई जायाची.

तेव्हा भूपालमामा कट्ट्यावरून उठले.
एकतीस वर्षं न्हावा-शेव्याला
गाळ काढणाऱ्या बोटीवर.
गावात सांगताना नुसतं “बोटीवर” म्हणायचे,
लोक आपापली पांढरी टोपी त्यांच्या डोक्यावर घालायचे.

त्यांनी डब्याकडं बघितलंच नाही.
वाकून वळणाच्या पोटातला उंचवटा बघितला,
पोरं गोट्या खेळतात तो.
“ह्यो काढा. पयलं खालचं, मग वरचं.”

आम्ही खोरी मारत होतो, मामा बोलत होते:
“जहाज मोठं झालं म्हणून समुद्र मोठा हुईत न्हाई.
आपल्या हिरीगतच हाय त्ये.
त्याला आठ परस पाणी लागतंय,
काठाला मिळतंय चार.
उरल्यालं आमी खणायचं.
पावसाळ्यात गाळ परत येतोय,
परत खणायचं.
पाण्याखालचं काम. कुणाला दिसत न्हाई.”

चिंचेच्या बुंध्याला जुनी टायरं बांधली,
घासलं तरी साल जाऊ नये,
ना डब्याची, ना चिंचेची.
वायरमननं लाईट घालवली, बांबूनं तारा उचलल्या.
जगूचा ट्रॅक्टर मागून साखळीनं.

“आन येवढं धूड,
पर भरती आल्याबिगर आत येत न्हाई.
बाहीर हुबं ऱ्हातंय, पावण्यागत.
मग आपला एक गडी दोरीच्या शिडीनं वर चढतो.
सात समुद्र हिंडल्याला कप्तान
त्यो म्हणंल तसं करतो.”

सरफराज काही न बोलता वर चढून बसला.
मामांचा हात. एक बोट.
थांब.
दोन बोटं.
चिंचेचा पाला डब्याच्या पाठीवरून
सरसरत मागं गेला,
टायर कुरकुरलं,
आणि वळण मोकळं.

रात्री दोनला भरून परत आला तो,
आता जड, चाकांवर खोल बसलेला.
मामा बॅटरी घेऊन उभेच होते.
लाल दिवे कवठ्याच्या रस्त्याला लागल्यावर
मी विचारलं, तुम्ही कधी चढलात, त्या मोठ्या जहाजावर?

“ती वरनं जायाची,” ते म्हणाले,
“आमी खाली बघायचो.”
बॅटरी विझवली. घरी गेले.

सकाळी पोरं आली, खिशात गोट्या.
उंचवटा नव्हता.
जरा वेळ बघत राहिली त्या सपाट जागेकडं,
मग पिंट्यानं टाच रोवली,
गर्रकन फिरला,
आणि नवी गल पाडली.