पाठीला वारा

उद्यमनगरात पत्रा तापला की
लेथवरच्या तेलाचा वासही बदलतो.
अशा दुपारी आली खर्डेकरांची गाडी.
गाडी कसली, बोलेरोला जोडलेली चाकांवरची खोली:
आत पलंग, ओटा, फुलाफुलांचे पडदे
आणि कोपऱ्यात गॅसवर चालणारा बुटका फ्रिज.

"गगनबावड्यातनं माघारी फिरलो," ते म्हणाले.
"दुधाचं दही झालं. दह्याचं काय झालं, विचारू नका."
कुमुदिनीबाई बोलल्या नाहीत.
त्यांच्या हातात इन्सुलिनची डबी होती,
ओल्या नॅपकिनात गुंडाळलेली,
चिमणीचं पिल्लू धरावं तशी.

आत थर्मामीटर ठेवला. सोळा.
शेडमध्ये एकोणचाळीस.
"गॅस कमी पडतोय ओ, भरून टाका."
तीस वर्षं झाली,
जो येतो तो आधी हेच सांगतो.

या जातीच्या फ्रिजला घुरघुर नसते.
खाली अंगठ्याएवढी निळी ज्योत
आणि तिच्या जिवावर वर लोणी घट्ट.
पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी हात लावून बघितलं होतं,
ज्योतीलाही.
वस्ताद बाबालाल शिकलगार हसले होते:
थंडी कोण बनवत नाही रे पोरा,
आपण गरमी उचलतो आणि बाहेर ठेवतो.
बाहेर ठेवायला जागा पाहिजे, बस.

जागाच नव्हती.
खर्डेकरांनी हौसेनं सागवानी फळी ठोकलेली,
फ्रिजच्या पाठीला चिकटून, तीन हात पॉलिश.
खालच्या जाळीत गांधीलमाश्यांचं घर.
वरची जाळी पत्र्यानं बंद,
कारण नेमकं तिथंच गाडीचं नाव रंगवायचं होतं,
पिवळ्यात, सावली देऊन: उनाड.

"नाव कापावं लागेल," मी म्हणालो.
खर्डेकर असे बघत राहिले
की जणू त्यांच्याच पाठीवर ग्राइंडर धरला.
बाईंनीच मान हलवली.
ठिणग्या उडाल्या, मधलं अक्षर गेलं,
तिथं जाळी बसली, दोन्हीकडं उरलं उ आणि ड.
"उड," बाई वाचून म्हणाल्या,
आणि दुपारभरात पहिल्यांदा हसल्या.

मग बाकीचं.
फळी चार बोटं मागं सरकवली,
ॲल्युमिनियमचा पत्रा तिरका वाकवून
वाऱ्याला वाट दाखवली, खालून आत, वरून बाहेर.
जुन्या कॉम्प्युटरचे दोन पंखे, शाहूपुरीतून आणलेले,
वरच्या जाळीमागं, तोंड बाहेर करून.
दाराचं रबर साबणानं धुतलं,
त्यात शंभराची नोट अडकवून ओढून बघितली.
फरशीवर पाणसळ ठेवली. बुडबुडा एका कडेला.
चाकाखाली फळकूट सारत राहिलो
तो मध्ये येऊन थांबेपर्यंत,
कारण हा फ्रिज तिरका उभा राहिला की रुसतो.

संध्याकाळी पोरगा ताक घेऊन आला,
कोथिंबीर, आलं, वर मीठ जरा जास्त.
चौघं पत्र्याच्या सावलीत बसून प्यालो.
मी सांगत होतो, खर्डेकर वहीत लिहीत होते:
निघायच्या आदल्या रात्रीच सुरू करा.
गरम आमटी आत सारू नका.
डबे खेटून ठेवू नका, आतही हवा फिरू दे.
उतरती उन्हं फ्रिजच्या बाजूला येतील
अशी गाडी कधी लावू नका.
"आणि हिच्या बाजूला?" त्यांनी विचारलं.
"तिकडं पडदा आहे की," बाई म्हणाल्या.

रात्री नऊला बारा.
साडेअकराला नऊ.
मी खाटेवर पडून पंख्यांची भुणभुण ऐकत होतो,
रंकाळ्याकडून वारा येतो का बघत. आला नाही.
पहाटे सहाला उठून दार उघडलं:
सहा.
डबी नॅपकिनातून निघून आत गेली,
मधल्या कप्प्यात, मागच्या भिंतीला न टेकवता.

राधानगरीच्या रस्त्यानं गेले ते.
पंख्याच्या वायरीला मी नुसती टेप मारली होती,
लाइट गेली म्हणून.
सोल्डर करायला पाहिजे होतं.
आज तिसरा दिवस,
ऊन कालच्यापेक्षा जास्त,
आणि फोन आला नाही,
म्हणजे चालत असेल.