टंच

हुपरीत आमच्या आप्पांचा टंच चालायचा.
चांदीच्या पाटाला कोपऱ्यावर छिन्नीने एवढीशी खाच,
तीळभर तुकडा मुशीत, वर शिसं,
आणि फुंकणीमागे सुजलेले त्यांचे गाल.
मी विचारायची, तिळावरून अख्खा पाट कसा कळतो?
म्हणायचे, तीळ खोटं बोलत नाही.
बोललाच तर टंच काढणारा बोलतो.

आता मी राजारामपुरीत, पाचव्या गल्लीत,
दुसऱ्या मजल्यावर रक्त काढते.
जांभळ्या टोपणाची नळी, पिवळ्या टोपणाची नळी.
दहा मिनिटं गरगर फिरवलं की लाल खाली बसतं
आणि वर उरते फिकट निवळी.
तिच्यात शोधायचं असतं
जठराआड दडून बसलेल्या वीतभर अवयवाचं काहीतरी.
एखादं प्रथिन. पेशीतून सुटलेला
डीएनएचा तुटका धागा.

स्वादुपिंड.
कुणी ठेवलं असेल हे नाव?
अर्धं जेवणाचं, अर्धं दहाव्याचं.

आप्पांना साठीनंतर एकदम साखर निघाली.
गल्ली हसली, गुळाच्या मुलखात साखर निघणार नाही तर काय.
मग पाठ धरली. बसून बसून दुखते, म्हटलं आम्हीच.
मग पट्ट्याला नवं भोक, मग आणखी एक.
ती भोकं त्यांनी स्वतःच टोच्याने पाडली,
नीट, सारखं अंतर राखून.
डोळे पिवळे झाले तेव्हा कुठे
सोनोग्राफीवाल्याने यंत्र थांबवलं
आणि विचारलं, बरोबर कोण आलंय?

तेव्हाही एक तपासणी होती, सीए एकोणीस-नऊ.
आकडा चढलेला आला,
पण आकड्याच्या आधी बाकी सगळं येऊन गेलं होतं.
शिवाय तो साध्या काविळीतही चढतो,
आणि काही माणसांच्या रक्तात तर जन्मापासून उमटतच नाही.
कितीही घासा, कसावर रेघ उठत नाही.
आप्पा, काही तीळ गप्प असतात.
हे तुम्हाला सांगायचं राहिलं.

मंगळवारी अक्काताई मगदूम आल्या, मुरगूडहून, पहिल्या एसटीने.
वय त्रेसष्ट. साखर नवी. भाऊ याच दुखण्याने गेलेला.
संमतीपत्र मी वाचून दाखवलं.
अंगठ्याची शाई त्यांनी बाजूला सारली,
सही केली, चार ओळींची जागा खाऊन.
"किती काढतीस?"
"दोन चमचे."
"आणि कळंल कवा?"

गोड काहीतरी सांगता आलं असतं.
मी म्हटलं, हे गोठवून ठेवायचं, मावशी.
पाच वर्षं बघायचं, कोण आजारी पडतं, कोण नाही.
मग मागे वळून रक्ताला विचारायचं,
तुला आधी ठाऊक होतं का?
तुम्हाला उपयोग होईलच, असं नाही.

त्या बराच वेळ खिडकीतून खाली बघत राहिल्या,
भडंगवाल्याचा गाडा लागत होता.
"म्हंजे बियाणं राखून ठेवल्यावानी,"
म्हणाल्या, आणि बांगड्या मागे सारल्या.
डाव्या हाताला शीर सापडेना.
उजव्याला सापडली.

संध्याकाळी लाईट गेली.
जनरेटर धरायला अकरा सेकंद घेतो.
तेवढ्यात काही वितळत नाही, मला माहीत आहे,
तरी मी उणे ऐंशीच्या दारावर हात ठेवून मोजते.
आत नऊशे बारा नळ्या, नावं नाहीत, नुसते क्रमांक.
सात. आठ.
तीनशे सातवी माझी.
नियमाने मला ठाऊक नसायला हवं,
पण लेबल मीच चिकटवलं होतं.
नऊ.