खडे वाजणारं पाणी

स्क्रूड्रायव्हरचं टोक पंपाच्या अंगावर,
लाकडी मूठ कानामागच्या हाडाला.
तीस वर्षं असाच ऐकत आलो मी पंप.
बेअरिंग रडतं, सील चुकचुकतं
आणि कधीकधी आत खडे वाजतात.
पाण्यात खडा नसतो एकही.

हिलाल मिस्तरी म्हणायचा,
"पंप खडा खाई ऱ्हायना भो, बंद कर."
मग इम्पेलर उघडून दाखवायचा:
पितळी पात्यांवर देवीचे व्रण.
पोकळीनं खाल्लं, म्हणायचा,
पोकळीला दात असतात.
तेव्हापासून मी फूट-व्हॉल्व्ह खाली नेत राहिलो,
सक्शनचा पाइप रुंद करत राहिलो,
केळीच्या मळ्यांत, सूतगिरणीत, नगरपालिकेच्या जॅकवेलमध्ये.
जन्मभरात एकच विद्या:
खडे वाजू द्यायचे नाहीत.

आता अमळनेरच्या या रंगाई-शेडमागे
हर्षाली भामरे म्हणते, काका, वाजू द्या.

तिनं पोलादाची चकती आणलीय,
तळहाताएवढी, एकोणीस भोकांची,
भोक असं की उडदाची डाळ अडावी.
ती फ्लँजमध्ये कसायची
आणि टाकीतलं जांभळं पाणी
पुन्हा पुन्हा तिच्यातून हाकायचं.
हेच पाणी नाल्याला सोडलं की
बोरीकाठच्या बकऱ्या तोंड फिरवतात.

फरशीवर खडूनं तिनं समजावलं.
चिंचोळ्या वाटेत पाणी धावतं,
धावता धावता दाब इतका पडतो
की थंडच्या थंड उकळतं.
बुडबुडे धरतात. पुढं वाट रुंदावते, दाब परततो,
आणि बुडबुडा फुगून फुटत नाही, काका,
आतल्या आत मिटतो.
मिटताना, सुईच्या अग्राहून बारीक जागेत,
लोखंड वितळेल एवढी धग,
पापणी हलायच्या आत आली आणि गेली.
त्या धगीत रंगाची गाठ सुटते.

मी विचारलं, आणि चकतीची?
ती जरा थांबली.
झिजेल. बदलू.

मे महिना, वर पत्रा,
पाण्याची बाटलीसुद्धा हाताला चटका देत होती.
बटण दाबलं. काटा चढला, चार, पाच,
आणि मग तो आवाज,
भरल्या जात्यात वाळू पडावी तसा.
माझा हात आपोआप स्विचकडे गेला.
तिथंच थांबला.
दुसऱ्या हातानं स्क्रूड्रायव्हर शोधला.

दर वीस मिनिटाला एक बाटली, खिडकीत ओळीनं:
जांभळं,
भरताच्या वांग्याच्या सालीसारखं,
मग कांद्याच्या पापुद्र्यासारखं,
आणि सातवी, दुपारच्या भाकरीनंतर,
पातळ चहासारखी.
तिथंच अडलं. आठवीही तशीच.
शेठ येऊन म्हणाले, पांढरं कुठं झालं?
आणि लाइट बिल?
हर्षालीनं वहीत एकच शब्द लिहिला: अजून.

संध्याकाळी चकती उघडली.
अकराव्या भोकाच्या काठाला
नखाला लागेल न लागेल असा खड्डा.
मी तिला दाखवला. ती वाकून बघत राहिली,
मग खिशातून भिंग काढलं.

मी बोट परत फिरवलं त्यावरून.
ओळखीचे दात.
चकती पुन्हा कसताना हळूच म्हटलं,
खाय भो, पन रंगच खाय.

आणि बायपासचा व्हॉल्व्ह
सवयीनं पाव फेरी उघडा ठेवला.